मंगल, सातही गिझर बाहेर घेतले

मंगल,

तुझ्या दहाव्याला माणसं किती आली म्हणून सांगू! मला वाटलं होतं, भावकी येईल, तुझ्या माहेरची येतील, गावातली चार कर्ती माणसं भाषणापुरती तोंड दाखवतील आणि नऊच्या आत सगळं उरकेल. पण नदीच्या घाटावर बायकांच्या बाजूला बसायला जागा उरली नाही. केडगावच्या, दौंडच्या, शिरूरच्या, पार कवठे येमाईच्या. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत होतो, कारण त्यांच्या घरी मीच गॅस गिझर बसवलेत. पण माझ्याकडं कुणी आलंच नाही. सरळ तुझ्या फोटोपाशी जायच्या, डोक्यावरचा पदर नीट करायच्या आणि बघत राहायच्या. दौंडची एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्याच का गं त्या फोनवाल्या ताई? मला वाटलं, चांगल्या उंचपुऱ्या असतील."

मला हसू आलं गं. दहाव्याला बसलेल्या नवऱ्यानं हसू नये, पण आलं. तू पाच फुटाला दोन बोटं कमीच. पण फोनवर असं बोलायचीस, की समोरच्याला वाटावं कुणी तरी साहेबीणबाई टेबलामागं बसलीय. आणि तू पाटावर बसून भाकरी थापत असायचीस, फोन खांद्यात दाबून धरलेला, हात पिठाचे. दोन तालुक्यांतल्या बायका, तुझं तोंड कधी न पाहिलेल्या, तुझ्यासाठी सकाळची कामं टाकून आल्या. कुणाच्या बायकोला असा मान मिळालाय, सांग बरं. मी रडत होतो आणि छाती पण फुगली होती. दोन्ही एकदम होतं, हे मला माहीत नव्हतं.

फोनचं हे सगळं सुरू झालं माझ्या धांदरटपणामुळं. कुरकुंभच्या कंपनीतलं फिटरचं काम सोडून मी गिझरच्या धंद्यात पडलो आणि पहिल्याच महिन्यात माझा मोबाइल एका गिऱ्हाइकाच्या बादलीत पडला. कार्डं छापायला टाकायची होती, म्हणून त्यावर तुझा नंबर दिला. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, तुला उंबऱ्याबाहेर पडता येत नव्हतं. म्हणलं, घरीच असतेस तर फोन घे, नाव-गाव लिहून ठेव. तेवढंच तुझं काम होतं.

मग एकदा मी केडगावला जाऊन आलो. भर उन्हात जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, आणि गिझरला झालं होतं काय, तर सेल संपलेले. जेवताना मी चरफडत होतो. तू ताटात भाकरी टाकता टाकता विचारलंस, "सेल संपलेत हे इथनं कसं कळंल?" मी म्हणलं, "नळ सोडला की टिकटिक आवाज येतो, ठिणगी पडती. सेल गेले की टिकटिक न्हाई." झालं! दुसऱ्या दिवसापासून तू नाव-गावाच्या आधी विचारायला लागलीस, "टिकटिक येतीये का?"

तिथून तुझी शाळा सुरू झाली, माझ्या ताटासमोर. टिकटिक येते पण पेटत नाही, म्हणजे गॅस पोचत नाही, सिलेंडर बघा. पेटतो आणि विझतो, म्हणजे नळ अर्धाच सोडलाय. पाण्याला जोर नाही. पाणी कोमटच येतंय, म्हणजे आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यानं आतली नळी क्षारानं धरलीय. पिवळा जाळ म्हणजे बर्नर तुंबलाय नाही तर हवा कमी पडतेय. तो लगेच बंद. मी एकदा सांगायचो, तू एकदाच ऐकायचीस. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मी अख्खी वही भरली होती, तरी मला पानं उलटावी लागायची. तुला सगळं तोंडपाठ.

आणि मग तू माझ्याही पुढं गेलीस. "फोन गिझरजवळ धरा," म्हणायचीस आणि डोळे मिटून ऐकायचीस. टिकटिक जोरात आहे का मरगळलेली, पेटताना 'भप्प' होतं का नुसतं 'फुस्स', सगळं तुला कळायचं. एका पठ्ठ्यानं छातीठोक सांगितलं, सेल कालच नवे टाकलेत. तू आवाज ऐकून म्हणालीस, "नवे कुठनं आणले?" तो म्हणाला, "घरातल्या बॅटरीतनं काढले." तू म्हणालीस, "अहो दादा, बॅटरीत दिवाळीपास्नं पडलेले सेल गिझरात घातले म्हंजी नवे झाले व्हय?" मी जेवता जेवता ठसका लागून मरायचा राहिलो.

शिरूरच्या त्या कंपनीवाल्या पोराचं तर मी अजून सगळ्यांना सांगतो. "मॅडम, इग्निशनचा प्रॉब्लेम आहे, मी व्हिडिओ बघितलाय." तू शांतपणे म्हणालीस, "आई हायेत का घरी? त्यांना द्या." आईला विचारलंस, काल-परवा घरात काय काय झालं. ती म्हणाली, विशेष काही नाही, फक्त टाकी धुतली. तू म्हणालीस, "मंग टाकीतला गाळ खाली आला आन् गिझरच्या तोंडाशी जाळी असती ती तुंबली. ती काढा, लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, जुन्या ब्रशनं घासा, परत लावा." दुपारी त्या पोराचाच फोन आला, थँक्यू म्हणायला. तू नेहमी बाईलाच फोन द्यायला लावायचीस. म्हणायचीस, "गड्याला गिझर चालू करता येतो. पण घरात सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी जी काढती, तिला तो कळतो." मी इतकी वर्षं हातात पाना घेऊन फिरलो, पण ही अक्कल मला कधी सुचली नाही.

मी काय तुझं कौतुक केलं नाही तेव्हा. उलट भांडायचो. लोक फोन करून मलाच सांगायचे, "तुम्ही नको, ताईंना द्या." मिस्त्री मी, आणि मान तुला! एकदा रागानं म्हणलं, "आजवर एक स्क्रू तरी पिळलाय का तू?" तू परातीतनं मान वर केली नाहीस. "स्क्रू पिळायला तुम्ही हायेत की. डोकं लावायला कुणी तरी नको का?" आपली पल्लवी तेव्हा दहावीत होती, ती फिदीफिदी हसली. मी ताटावरनं उठलो. परत येऊन जेवलो, हे तू कुणाला सांगितलं नाहीस, एवढी तुझी मेहेरबानी.

आपलं खरं भांडण एकच होतं, आणि ते मिटायचं राहिलं.

तुझं म्हणणं पहिल्यापासून एकच, की गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही. बाहेर भिंतीवर, मोकळ्यावर बसवायचा, पाइपानं पाणी आत घ्यायचं. बाहेर जागा नसेल, तर त्या घराला सरळ नाही म्हणायचं. मी म्हणायचो, लोकांना आतच पाहिजे असतो. भिंतीला भोक नको, बाहेर चोरीची भीती. आणि मी नाही म्हणलं तर दुसरा कुणी तरी बसवून देईल. "खिडकी हाय की बाथरूमला," असं म्हणायचो. तू म्हणायचीस, "थंडीत कोण उघडी ठेवतंय?" आणि मग तुझं ते वाक्य: "चुलीवर पाणी तापवायचो तवा दार उघडं ठेवायचो का न्हाई? धूर दिसायचा म्हणून. ह्याचा धूर दिसत न्हाई, म्हंजी धूरच न्हाई व्हय?"

नुसतं बोलली नाहीस, तसं वागलीस. आपलं न्हाणीघर घराच्या मधोमध, त्याला बाहेरची भिंत नाही. मी दोन वेळा गिझर बसवायला घेतला, दोन्ही वेळा तू दारात आडवी. "आपल्याला बाहेर जागा न्हाई. म्हंजी आपल्याला गिझर न्हाई." गिझरवाल्याच्या घरात शेवटपर्यंत मागच्या अंगणात बंब! पाव्हणे चेष्टा करायचे. मी म्हणायचो, "लोक काय म्हणतील?" तू म्हणायचीस, "आपल्याला जागा न्हाई म्हणून आपण बंब पेटवतो, आन् लोकाला जागा नसताना त्यांच्या घरात कसा काय बसवता?" मी चिडायचो. आता कळतं, माणूस हरला की चिडतो.

तरी मी आत बसवले. तुला न सांगता. आठ घरांत.

तुला ते कळलंच होतं. फोनवर बायका सांगायच्याच, गिझर कुठं आहे ते. त्या आठातलं एक घर कवठे येमाईच्या कौसाआजींचं.

ती दिवाळी मी विसरणार नाही. तीन वर्षं झाली. पहिल्या अंघोळीची पहाट, तू माझ्या पाठीला तेल लावत होतीस आणि मी थंडीनं कुडकुडत पाटावर बसलेलो. फोन वाजला. दिवाळीच्या पहाटे फोन वाजायचाच, सगळ्यांचे गिझर त्याच दिवशी रुसतात. तू तेलाच्या हातानं उचललास आणि स्पीकरवर टाकलास. कौसाआजी म्हणाल्या, "पोरी, पाणी धड तापंना. आन् जाळ पिवळाधमक दिसतोय." तू विचारलंस, "गिझरवर काय ठेवलंय का?" आजी म्हणाल्या, "काय न्हाई. दसऱ्याला पूजा केली, ट्रॅक्टरला घातला तसा ह्यालाबी झेंडूचा हार घातला. तेवढाच हाय." वर धुराची जाळी असते, तिच्यावरच तो हार. वीस दिवस वाळून पाकळ्या आत पडलेल्या. यंत्राला देव मानणारी आपली माणसं, प्रेमानं त्याचं नाक-तोंड बांधून ठेवलं.

तू लगेच म्हणालीस, "बंद करा. आत कुणी हाय का?" आजी म्हणाल्या, नात आहे, पूनम, अंघोळीला गेलीय, दार लावलंय. जाळ बघितला तो पूनम आत जायच्या आधी. "हाक मारा तिला." आजींनी हाक मारली. आतनं पूनमचं उत्तर आलं, ते मीही ऐकलं. "आले... आजी... आले..." मला त्यात काहीच वाटलं नाही. पोरगी अंघोळ करतेय, म्हणाली आले. पण तुझा हात माझ्या पाठीवर थांबला. "आजी, दार उघडा! आत्ता! मोडा दार! सिलेंडर बंद करा, फोन टाकून द्या!"

आणि मी काय म्हणालो? लिहायची लाज वाटते. म्हणालो, "सणासुदीचं लोकांची दारं कशाला मोडायला लावतीस? नाव खराब होईल माझं." तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. तेलाचा हात माझ्या तोंडापुढं धरलास, गप्प म्हणून, आणि फोनात ओरडत राहिलीस. कडी तुटल्याचा आवाज आला. मग नुसता गलका. आपण दोघं त्या फोनकडं बघत बसलो, तुझ्या हातावरचं तेल कोपरापर्यंत ओघळलं तरी तू पुसलं नाहीस.

पोरगी भिंतीला टेकून खाली घसरलेली. अंगणात आणली, मोकळ्या हवेत, शिरूरच्या दवाखान्यात नेली. वाचली. डॉक्टर म्हणाले, ह्या वायूला वास नाही, रंग नाही, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस जातो. ती झोप तू पस्तीस-चाळीस किलोमीटरवरनं, दोन शब्दांत ऐकलीस. मिस्त्री शेजारी बसला होता, त्याला नाही ऐकू आली. मंगल, मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात मोठी कारागिरी ती.

त्याच दिवशी मी कवठ्याला जाऊन गिझर काढला आणि बाहेरच्या भिंतीवर घेतला. पण तोंड उघडून काय सांगितलं? हाराचं. "आजी, हारामुळं झालं सगळं." पुढं तीन वर्षं मी दोन्ही तालुक्यांत हाराची गोष्ट सांगत फिरलो. लोक माना डोलवायचे, दसऱ्याला हार घालणं बंद झालं, तेही चांगलंच झालं. पण तुला मी सांगायला लागलो तसं तू म्हणालीस, "हारानं जाळ पिवळा झाला, खरं हाय. पण गिझर बाहेर असता तर हार वाळला असता, पोरगी पडली नसती." मी विषय बदलला.

मग तुझा एकच प्रश्न सुरू झाला. "बाकीचे सात?" मी म्हणायचो, बघतो. नवे मी आत बसवायचे बंद केले, तेवढं खरं. पण जुन्या सात घरी जायचं म्हणजे दारात उभं राहून सांगायचं, की मी चुकीचा बसवलाय. ते माझ्यानं होईना. तू त्या सात घरच्या बायकांना अधनंमधनं स्वतः फोन करायचीस, खिडकी उघडी ठेवता का, बादली भरून घेऊन मग गिझर बंद करून अंघोळीला जाता का. मला वाटायचं, सवयीनं करतेस. माझ्या चुकीवर तू राखण करत बसली होतीस. तू जायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा, दम लागत होता तरी विचारलंस, "बाकीचे सात?" मी म्हणालो, "आधी तू बरी हो, मग बघतो." तू डोळे मिटून घेतलेस. ते आपलं शेवटचं भांडण. भांडण तरी कसलं, तू विचारलंस आणि मी टाळलं.

आता घाटावरचं ऐक. प्रवचन झालं, माजी सरपंचांचं भाषण झालं. ते म्हणाले, वहिनींनी पतीच्या व्यवसायाला मोलाची साथ दिली. बायकांत चुळबुळ झाली. कौसाआजी काठी टेकत उठल्या आणि सरळ माईक मागितला. बाईनं घाटावर माईक मागायची आपल्याकडं रीत नाही, पण त्यांना नाही कोण म्हणणार? म्हणाल्या, "मी ह्या बाईला कवा बघितली न्हाई. आज फोटूत बघतीये. साथ-बिथ काय दिली मला ठाव न्हाई. तिनं माझ्या नातीचा जीव वाचवला, फोनवरनं." आणि ती पहाट सगळी सांगितली. शेवटी म्हणाल्या, "गिझरला हार मी घातला व्हता. माझा दोष मी सांगितला." आणि माईक देऊन खाली बसल्या.

ऐंशीच्या घरातली बाई पाचशे माणसांसमोर स्वतःचा दोष सांगते. ज्यानं गिझर आत बसवला तो समोर बसलाय, आणि खाली बघतोय. लोक म्हणायला लागले, "आजी, तुमचा काय दोष, तुम्हाला काय माहीत." मला उठता येत होतं. माईक दोन हातांवर होता. उठलो नाही.

तेराव्यानंतर मी बाहेर पडलो. सात घरं. तुझ्या वहीत नावं होतीच. दसऱ्याच्या आत तीन केले, नंतर तीन. पाइप माझा, भोक माझं, वर पत्र्याची टोपी माझी, साबणाचा फेस लावून जोड तपासून दिले. पण कारण काय सांगितलं असेल विचार! एका घरी म्हणालो, नवीन स्कीम आलीय. दुसरीकडं म्हणालो, सरकारी नियम निघालाय. तिसरीकडं म्हणालो, असाच चाललो होतो, म्हणलं बाहेर घेऊन देऊ. लोकांनी चहा पाजला, आभार मानले. सहा घरी मी गिझर हलवला, जीभ नाही हलवली.

सातवं घर दौंडचं, त्या रिटायर गार्डसाहेबांचं. मी म्हणलं, "साहेब, नवा नियम आलाय, गिझर बाहेर घ्यायला लागंल." त्यांनी चष्मा लावला आणि हात पुढं केला. "कागद दाखवा."

"कागद न्हाई साहेब, तोंडी हाय."

"मी अडतीस वर्षं गार्ड होतो. कागदाशिवाय गाडीला हिरवा झेंडा दाखवला नाही. नियम असेल तर कागद असतो. कागद नसेल तर नियम नाही. आणि तुम्हीच तर आत बसवला होता. तेव्हा बरोबर होता आणि आता चूक?"

मी पायऱ्या उतरलो, गाडीला किल्ली लावली. मनात म्हणलं, एक राहिला तर राहिला. मग वाटलं, तू आता विचारलं असतंस, "सातवा?" आणि मी म्हणालो असतो, "बघतो." किल्ली काढली आणि परत वर गेलो.

"साहेब, नियम न्हाई. तेव्हाबी चूकच होता. आमची मंगल नको नको म्हणत होती, मी ऐकलं न्हाई. एका पोरीचा जीव जाता जाता राहिला. तो तिनं वाचवला. माझी चूक हाय."

गार्डसाहेबांनी चष्मा काढला. आतनं त्यांच्या मिसेस आल्या, पदराला हात पुसत. "मंगलताई? फोनवाल्या? त्या बाहेर बसवा म्हणत होत्या?" मी मान हलवली. त्या नवऱ्याकडं वळल्या. "अहो, बघत काय बसलात? ताईंनी सांगितलंय म्हणल्यावर अजून कागद कसला पाहिजे?" साहेबांनी स्वतः सिलेंडर बंद केला आणि स्टूल आणून दिलं. म्हणाले, "हे आधीच सांगायचं ना. उगाच नियम-बियम." दोन तास ते माझ्या हाताखाली पाना देत उभे होते. सरकारचं नाव सांगून जे झालं नाही, ते तुझं नाव सांगून झालं. काय वाटलं म्हणून सांगू! असं वाटलं, दौंडच्या स्टेशनात उभं राहून ओरडावं, ती माझी बायको होती म्हणून.

एकदा जीभ सुटली, तसा मी घरी थांबलोच नाही. आपल्या दारावरनं गाडी तशीच पुढं काढली, शिरूर ओलांडून सरळ कवठ्याला. परवापासून दिवाळी, सगळ्यांची धावपळ. कौसाआजी ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या. बाहेरच्या भिंतीवर गिझर, दसऱ्याचा हार त्याच्यापासून चार हात लांब खिळ्याला. पूनम कॉलेजातनं नुकतीच आलेली, तिनं पाणी दिलं. मी ते तसंच हातात धरून म्हणालो, "आजी, हार तुम्ही घातला होता. पण गिझर मी आत बसवला. मंगल नको म्हणत होती. दोष तुमचा न्हाई, माझा हाय. घाटावर सांगायला पाहिजे होतं, धीर झाला न्हाई."

आजींचा हात थांबला नाही. एक शेंग फोडली, दुसरी फोडली.

"मला ठाव हाय की," म्हणाल्या.

"कसं काय?"

"तिनंच सांगितलं. त्याच दिवाळीत भाऊबीज झाली आन् तिचा फोन आला, पोरीची चौकशी करायला. मी रडत व्हते, म्हणलं माझ्या हारानं पोर मारली असती. तर म्हणाली, आजी, मनाला लावून घेऊ नगा. गिझर आमच्या ह्यांनी आत बसवला, खरा दोष त्यो. पर हे कुणापाशी बोलू नगा. ते सोता येत्याल तुम्हाला सांगायला." आजींनी सूप बाजूला सारलं. "म्हणून घाटावर मी माझं तेवढंच बोलले. तुमचं तुमच्यासाठी ठिवलं व्हतं."

"तीन वर्षं झाली, आजी."

"व्हय. मी तवाच इचारलं तिला, कवा येत्याल म्हणून. तर हासली. म्हणाली, उशीर लावत्यात, पर येत्यात."

मी तिथंच ओसरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. पूनमनं हातातला तांब्या काढून घेतला.

मंगल, तुझंच खरं होतं गं. पण हे मला सांगितलं असतंस, मी येईन असं तू बोलून बसलीयस म्हणून, तर मी लवकर गेलो असतो.

खोटं कशाला बोलू. तरी उशीरच लावला असता.